नव्या पिस्टनची पहिली टाकी

तुमचे रेनडिअर किती, हे आमच्याकडे विचारायचं नसतं. कुणी विचारलंच तर "अजून उपाशी मेलो नाही" म्हणायचं आणि कॉफी पुढे करायची. म्हणून माझे किती ते मी सांगणार नाही. पण जे आहेत त्यांच्या कानांवर माझी खूण आहे, माझ्याच सुरीनं कापलेली, आणि ते मला योव्नाकाकाच्या हाती द्यायचे नव्हते.

योव्नाकाका म्हणजे माझ्या वडिलांचा थोरला भाऊ. वडील गेल्यापासून आमच्या सामाईक कळपाचा कारभार तोच बघतो. हिवाळा सरताना सगळी घरं कळपाच्या कुंपणापाशी जमली होती, तेव्हा त्यानं जाहीर करून टाकलं, "कळप समुद्राकडे निघेल त्या दिवशी ज्याची स्नोमोबाईल चालू नसेल, त्याची जनावरं मी नेईन. त्यानं रस्त्यानं मोटारीतून पुढे जावं आणि आमच्यासाठी रस्सा शिजवून ठेवावा."

म्हणाला 'ज्याची', पण बघत होता माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी एल्लेआत्याला त्यानं असंच रस्त्यानं पाठवलं होतं. आत्या रस्सा ढवळत बसली आणि वाटेत पठारावर जन्मलेलं कुठलं वासरू कुठल्या मादीचं, म्हणजे त्याच्या कानावर कुणाची खूण कापायची, हे काकानं एकट्यानं ठरवलं. त्या साली आत्याच्या माद्यांना म्हणे वासरंच झाली नाहीत. काकाच्या मात्र बऱ्याच माद्यांना जुळी झाली. रेनडिअरला जुळी होताना तुम्ही कधी पाहिलंय? मीही नाही.

माझी स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावरची गाडी, बंद पडलेली आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या धाकट्या भावानं, नीलासनं, भर थंडीत पैजेवर ती गोठलेल्या तळ्यावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पळवली होती. कडक थंडीत हवा दाट होते, तेवढ्याच हिशेबानं इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा मोठ्या भोकाचा जेट बसवायचा असतो. त्यानं तो बदललाच नाही. इंजिन उपाशीच धावलं, तापलं आणि पिस्टनला भोक पडलं. जुनी टू-स्ट्रोक गाडी, वडिलांची. सगळे म्हणाले, भंगारात घाल. मी इंजिन उचललं आणि आईच्या जेवणाच्या टेबलावर उघडलं. सिलिंडर शहरातून घासून आणला, पिस्टन आणि रिंगा नव्या टाकल्या. महिनाभर आमच्या वाळवलेल्या मांसालाही पेट्रोलचा वास येत होता, आणि आई तेच मांस ताटात वाढत होती.

इंजिन जोडणं सोपं. ते रुळवणं, म्हणजे नवे भाग हळूहळू एकमेकांत बसू देणं, हे खरं काम, आणि त्याला लागतो धीर. आमच्या पुरुषांकडे सगळं आहे, तेवढा धीर नाही. पहिल्या टाकीत मी पेट्रोलमध्ये नेहमीपेक्षा जास्त तेल मिसळलं. इंजिन सुरू करायचं, हाताला ऊब लागली की बंद करायचं आणि पार थंड होऊ द्यायचं. मग पुन्हा. असं काही वेळा झाल्यावर सिलिंडरचे बोल्ट पुन्हा आवळायचे, कारण तापून-निवून ते सैल होतात. अंगणात माझा हा उद्योग चालू असताना काका आला.

"काय गं, गाडी आहे की खीर? सारखी चुलीवर चढवतेस आणि उतरवतेस."

"खीरच समजा काका. करपली की खायला तुम्हीच येता."

"आम्ही असले लाड कधी केले नाहीत. नवं इंजिन घ्यायचं, तळ्यावर न्यायचं आणि दाबायचं. टिकलं तर आपलं."

"आणि नाही टिकलं तर?"

"तर ते चांगलं नव्हतंच," असं म्हणत तो सरळ सीटवर बसला आणि त्यानं अंगठा ॲक्सिलरेटरवर ठेवला. "हो बाजूला. तुझं आठवड्याचं काम मी एका फेरीत करतो."

गाडीला एक सुरक्षेची दोरी असते. चालवणारा पडला तर ती खेचली जाते आणि इंजिन बंद पडतं. मी ती ओढून काढली आणि गळ्यात घातली. इंजिन गप्प झालं.

"उतरा," मी म्हटलं.

मोठ्या माणसाशी आमच्यात असं बोलत नाहीत. खिडकीत उभ्या असलेल्या आईनं ऐकलं असणार, पण तिनं पडदासुद्धा हलवला नाही. काका उतरला. जाताना म्हणाला, "कळप तुझ्या टाकीसाठी थांबायचा नाही, रिस्टेन."

तेवढं मात्र तो खरं बोलला. माझी टाकी अर्धीसुद्धा संपली नव्हती आणि गाभण माद्यांनी उत्तरेकडे तोंड केलं. त्या निघाल्या की निघायचं, तिथे कुणाचंच चालत नाही. पहाटेच्या उजेडात सगळे जमले. तंबू, सरपण, कुत्री, सगळं स्लेजांवर लादलेलं. काकानं एक भरलेली स्लेज माझ्या गाडीकडे ढकलली.

"घे जोडून."

"नाही. पहिली टाकी संपेपर्यंत ओझं ओढणार नाही. पूर्ण दाबणारही नाही."

"म्हणजे गाडी चालू नाही."

मी दोरी बसवली आणि इंजिन सुरू केलं. "ऐका. चालू आहे. तुमचा शब्द एवढाच होता."

कुणीतरी हसलं. काकाचा चेहरा उतरला, पण चारचौघांत दिलेला शब्द गिळणार कसा? ती स्लेज नीलासनं मुकाट्यानं आपल्या स्लेजमागे जोडली. त्याला तेवढी शिक्षा हवीच होती.

मी कळपाच्या मागे राहिले. अंगठा जरा दाबायचा, जरा सोडायचा, एका वेगावर रेंगाळायचं नाही. उतारावर तो पूर्ण सोडायचा नाही, कारण टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबरच मिळतं, पेट्रोल तुटलं की तेलही तुटतं. गाभण मादी चालते तरी किती वेगानं? माझं इंजिन आणि ती, दोघांना एकच चाल मानवत होती. रात्रीत बर्फ वर काचेसारखं कडक झालं होतं. असल्या बर्फावर गाडीखालच्या रेडिएटरला गार ठेवणारा बर्फाचा भुगा उडत नाही आणि इंजिन तापतं. म्हणून मी गाडीच्या दोन्ही बाजूंनी तारेचे आकडे सोडले होते. ते बर्फ खरवडून खाली उडवत होते. करकर आवाज होतो खरा.

"मांजराला नखं फुटली वाटतं," काका शेजारून जाताना ओरडला. त्याचे आकडे वर बांधलेले होते. वेगात ते खडखडतात, म्हणून त्याला आवडत नाहीत. मग तो कळपाला वळसा घालायला सुसाट गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. कळपाला त्याची काही गरज नव्हती. गरज होती ती आम्ही बघण्याची.

थांबून मी इंजिनाचा स्पार्क प्लग काढून पाहिला. कॉफीत दूध घातल्यासारखा रंग. पांढरा असता तर पेट्रोल कमी पडतंय, काळा ओला असता तर जास्त होतंय. मला रडू आलं. वडील असते तर त्यांनी तो प्लग खिशात घालून गावभर दाखवला असता.

मोठ्या तळ्याच्या मधोमध काका त्याच्या गाडीशेजारी उभा दिसला. गाडीतून वाफ निघत होती. सुरू करायची दोरी तो दोन्ही हातांनी ओढत होता आणि ती तसूभर हलत नव्हती. नवीकोरी गाडी, आणि पिस्टन सिलिंडरला चिकटलेला. तापल्याचा दिवा लागला असणारच. काकाला कुणी सांगितलेलं आवडत नाही, मग दिवा काय आहे?

एकेक जण येऊन थांबला. त्याचा तो शब्द सगळ्यांना पाठ होता. रस्ता डोंगरापलीकडे होता आणि बाकीच्या गाड्यांना भरलेल्या स्लेजा होत्या. रिकामी गाडी एकच होती.

एल्लेआत्यानं आपली गाडी माझ्याशेजारी आणली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "योव्ना, तुला रस्सा चांगला जमतो का रे?"

काका तिच्याकडे बघेना, माझ्याकडेही बघेना. त्याची जनावरं पुढे चालली होती, तीही गाभण, आणि त्या क्षणी तो नुसता म्हातारा माणूस दिसला. मला दया आली. पण दयेपोटी वासरं द्यायची नसतात.

"बसा मागे," मी म्हटलं. "समुद्रापर्यंत नेते. पण खुणा करताना आत्याची वासरं आत्या ओळखेल, माझी मी. इथे, सगळ्यांसमोर बोला."

वारा होता. काकानं टोपी खाली ओढली. "बरं," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं," आत्या म्हणाली.

"बरं म्हटलं ना."

तो मागे बसला. माणूस म्हणजे ओझंच, म्हणून मी आणखी हळू निघाले. आकडे करकरत होते. कळप आमच्यापुढे निवांत चालला होता. तळं संपता संपता काकानं माझ्या खांद्यावर टकटक केलं.

"दाब की जरा."

मी अंगठा सैल केला.