सातवा ठोका

फळमाशीची अळी तांदळाच्या दाण्याएवढी. तिचं काळीज म्हणजे पाठीतून गेलेली केसासारखी नळी. पण अंग असं आरपार की भिंगाखाली शेपटीजवळ ती नळी मिटताना-उघडताना सरळ दिसते. देवाने एवढं नाजूक यंत्र केलं आणि झाकण लावायचं मुद्दाम राहू दिलं, असं वहिनीला वाटे. वहिनी म्हणजे एका प्रयोगशाळेतली संशोधक. तिला लाडाने वहिनी म्हणणाऱ्या तिच्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे ताई, इस्पितळात रुग्णांच्या हृदयाचे आलेख काढायच्या. त्या दुपारी ताई घराची किल्ली न्यायला आल्या.

"आजही अळ्यांचीच सेवा? माझ्या भावाची नाडी कधी एवढ्या प्रेमाने पाहिली नाहीस."

"त्यांना अळ्यांसारखं फ्रिजच्या पाण्यात बुडवायची परवानगी द्या ताई, लगेच पाहते."

वहिनी रंगात होती. उद्या अकराला मार्गदर्शक सरांसमोर तीन वर्षांचा निकाल मांडायचा होता. एक विशिष्ट जनुक बिघडलं की अळीचं हृदय मंदावतं. निरोगी अळीचे मिनिटाला दीडशे ठोके, बिघडलेलीचे जेमतेम शंभर. सरांनी मान डोलावली की शोधनिबंध रवाना.

"बसा, गंमत बघा," ती म्हणाली.

अळ्या वळवळू नयेत म्हणून तिने निरोगी अळ्या गार पाण्यातून काढल्या आणि कुंचल्याने काचपट्टीवर ठेवल्या. मग वहीत तारीख लिहिली, क्रमांक लिहिले, खोलीचं तापमान लिहिलं, ताईंसाठी थर्मासमधला चहा ओतला आणि कॅमेरा सुरू केला. ते झाल्यावर बिघडलेल्या अळ्या. गार पाणी, काचपट्टी, कॅमेरा. वही आधीच लिहून झाली होती.

"थांब गं," ताई म्हणाल्या. "पहिल्यांना चहा होईपर्यंत आराम, आणि या काय सावत्र?"

"म्हणजे?"

"अगं, जिने चढून धापा टाकत आलेल्याला मी आधी पाच मिनिटं पडू देते, मग तारा लावते. या बिचाऱ्या गारठलेल्या, आणि तू त्यांना तसंच परीक्षेला बसवलंस."

वहिनी हसणार होती, पण हसू ओठांवरच अडलं. गारठ्याने अळीचं हृदय मंदावतं हे ती स्वतःच नवख्यांना शिकवायची. दोन्ही गटांची सरमिसळ नको म्हणून तीन वर्षं निरोगी आधी, मग वही, मग दुसऱ्या. वही होईतो पहिल्या उबेला यायच्या, दुसऱ्या गारच मोजल्या जायच्या. शिस्त इतकी पक्की की चूकही एक दिवस चुकली नव्हती.

"गेलं सगळं, ताई."

"काय गेलं? अळ्या आहेत, तू आहेस, घड्याळ आहे. मोज पुन्हा. मी बसते."

मग वहिनीने पदर खोचला. प्रत्येक अळीला दहा मिनिटं विश्रांती, एक निरोगी, एक बिघडलेली, अशा आलटूनपालटून वीस अळ्या झाल्या. ऊन खिडकीतून उतरलं तेव्हा आकडे समोर होते. सरासरी निरोगींचे एकशे बावन्न, बिघडलेल्यांचे एकशे सत्तेचाळीस. फरक नावापुरता. वहिनीने पेन खाली ठेवलं.

ताईंची नजर मात्र पडद्यावरच होती. "हे पुन्हा लाव बघू. सहा ठोके नीट पडले, सातवा गिळला."

"अळी हलली असेल."

"हलली तर सगळी हलेल. इथं नुसती नळी थांबलीय. वीस वर्षं हेच बघतेय, अशा जागेवर माझं बोट आपोआप जातं."

वहिनीने चित्रफिती सावकाश फिरवून पाहिल्या. बिघडलेल्या दहांपैकी आठ अळ्या मधूनच ठोका गाळत होत्या. निरोगी दहांत एकही नाही. वेग जवळपास सारखा, ताल मोडका. आजवर गारठ्याने सगळेच ठोके लांबायचे, त्यात ही एक फट कोण बघणार?

तिने तिथूनच सरांना फोन लावला.

"सर, उद्याचा निकाल मी मागे घेते. हृदय मंदावतं, हे माझ्या मोजणीतलं खोटं होतं. ठोका गाळतं, हे खरं दिसतंय. पण विसांवर बोलणार नाही. दीड महिना द्या, दोनशे अळ्या मोजते."

सरांनी एवढंच विचारलं, "कुणी पकडलं?"

"माझ्या नणंदेनं."

"मग उद्या अकराला त्यांनाही आणा. नवी मोजणी कशी करणार ते तुम्ही मांडा, त्या खोट काढतील."

वहिनी वळली. "ताई, उद्या यायचंय तुम्हाला."

"येईन की, कामाची पाळी दुपारची आहे. पण सरांना सांग, पाठ टेकायची खुर्ची हवी. या स्टुलावर दोनशे अळ्या माझ्याच्याने व्हायच्या नाहीत."