ह्यांचं वजन

तेलंगणातल्या उटनूरमध्ये मी जिमला जाणार ही बातमी मी जिममध्ये पोचायच्या आधी शाळेत पोचली होती. हेडमास्तरांनी मधल्या सुट्टीत विचारलंच, "काय विमलबाई, वजन कमी करायचंय म्हणे?" मी म्हटलं, "नाही सर, उचलायचंय." त्यांनी चहाचा कप उचलला.

उचलायचे होते ते माझे मिस्टर. सुधाकरराव आदिवासी विकास एजन्सीच्या ऑफिसात क्लार्क होते. दोन वर्षांपूर्वी काम करता करता टेबलावरच त्यांनी मान टाकली. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. माणूस मुळातच दांडगा, त्यात खाटेवर पडून अंग आणखी सुटलं. दवाखान्यातला वॉर्डबॉय मल्लय्या सकाळ-संध्याकाळ यायचा, ह्यांना कवेत घेऊन उचलायचा, संडासात न्यायचा, आंघोळीच्या पाटावर बसवायचा आणि परत खाटेवर आणून टाकायचा. मी टॉवेल धरून बाजूला उभी.

आता हे सांगायला लाज वाटते, पण वाटायचं ते सांगते. मला मल्लय्याचा हेवा वाटायचा. दोन वर्षांत मी ह्यांना भरवलं, पुसलं, गोळ्या दिल्या, नखं कापली, पण धरलं नव्हतं. आमचं लग्न झालं तेव्हा सासरी, तामसीच्या घरात एका खोलीत सात माणसं. तिथे नवऱ्याकडे नुसतं बघितलं तरी कोणीतरी खाकरायचं. पुढे ह्यांना नोकरी लागली, मला लागली, उटनूरला बदल्या झाल्या, तेव्हा कुठे स्वतःचं दार आणि त्या दाराला आतून कडी मिळाली. संध्याकाळी मी भाकरी थापत असले की हे मागून येऊन माझ्या खांद्यावर हनुवटी टेकायचे. "काय करून राह्यली?" दिसत नव्हतं का काय करते ते! मी खांदा झटकायची, पीठ लागेल म्हणून ओरडायची. आता कितीदा तरी परातीपुढे बसल्यावर माझा खांदा आपोआप थोडा मागे झुकायचा. मागे कोणी नसायचं. त्याच खोलीत, चार हातांवर, हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे.

पोळा झाल्यावर मल्लय्यानं सांगितलं की त्याला आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात कायमची जागा मिळाली, दसऱ्यानंतर तो जाणार. पोरगा चांगला, त्याचं भलं झालं. माझं काय? ही बातमी तामसीला कशी गेली कोण जाणे, पण आठवड्यात थोरले दीर भगवानराव येऊन हजर.

"विमलबाई," ते खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "आता याले मी तामसीले नेतो. मी हाओ, दोन पोरं हायेत, उचलाले मानसं हायेत. तुमी एकल्या बाईमानूस, तुमी कशा उचलसान? कापसाचा पयला येचा झाला का जीप घेऊन येतो."

थोरल्या दिरासमोर आमच्यात डोक्यावर पदर असतो. मी पदर सावरून "बरं भाऊजी" म्हणाले खरी, पण पदराखाली डोकं तापलं होतं. तामसी म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेवरचं मराठी बोलणारं गाव, इथून दोन बस. बदल्या बंद होत्या आणि घर माझ्याच पगारावर चाललं होतं. म्हणजे मी शनिवारी पाहुणीसारखं जायचं, रविवारी परत यायचं, आणि बाकीचे दिवस एका माणसाचं घर चालवायचं. ह्यांच्याकडे पाहिलं तर ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी समजले, ह्यांनाही जायचं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी राजन्ना मास्तरच्या जिमचा रस्ता धरला.

राजन्ना मास्तर म्हणजे शाळेतून रिटायर झालेले ड्रिल मास्तर. बसस्टँडच्या मागे पत्र्याचं शेड, आत लोखंडी दांडे, चकत्या, आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. मी नवा पंजाबी ड्रेस घालून आत शिरले तेव्हा पोरांनी बनियन शोधायला धाव घेतली. मास्तर तेलुगूवाले, माझ्याशी हिंदीत बोलायचे. भिंतीवरच्या मारुतीकडे बोट दाखवून म्हणाले, "मेडम, पहले नमस्कार."

"मी जयभीमवाली आहे, मास्तर."

"तो लोहे को कर लो."

लोखंडाला नमस्कार करायला माझी काही हरकत नव्हती. तो केला. मग मास्तरांनी जमिनीवरचा नुसता दांडा दाखवला. एकही चकती न लावलेला. म्हणाले, "उठाओ."

आणि मी काय केलं? ओढणीची चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली, गुडघे ताठ ठेवून कमरेत वाकले, दांडा मधोमध धरला आणि मास्तरांकडे बघत थांबले. मास्तर माझ्याकडे बघताहेत, मी मास्तरांकडे. पोरांचं लोखंड वाजायचं थांबलं.

"क्या हुआ?"

"अहो, हात लावा ना!" मी वैतागून म्हणाले.

माझी आई आणि मी, आम्ही दोघी शिवारात मजुरीला जायचो. तिथे बाई भारा एकटीनं उचलत नाही. एकीनं वाकायचं, दुसरीनं हात लावायचा, मग पहिलीनं सरळ होऊन चालू लागायचं. मग दुसरीला तिसरी. सगळ्यात शेवटी जी उरते ती आपल्या भाऱ्यापाशी बांधावर उभी राहते, रस्त्यानं कोणी येतं का बघत. अंधार पडला तरी उभी राहते, पण एकटी उचलत नाही. डीएड झाले, पंचवीस वर्षं पोरांना शिकवलं, तरी ओझं समोर दिसल्याबरोबर माझ्या अंगानं तेच केलं.

मास्तर हसता हसता बाकावर बसले. पोरंही हसली. मीही हसले, काय करणार! मग मास्तर डोळे पुसून उठले, माझ्या डोक्यावरची चुंबळ काढून हातात दिली आणि म्हणाले, "यहाँ सर पे कुछ नहीं रखना. और कोई हाथ भी नहीं लगाएगा. अकेले उठाना है, मेडम."

त्या दिवशी मी नुसता दांडा गुडघ्यापर्यंत उचलला. गुडघे वाकवायचे, पाठ सरळ, जोर पायांचा, वजन अंगाला लावून. ऐकायला सोपं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहायला हात वर जाईना. तिसरीतली पोरं खूश, कारण गृहपाठ फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात मावेल तेवढाच मिळाला.

पण मी सोडलं नाही. हट्टी तर मी आहेच, ह्यांना विचारा. हळूहळू दांड्याला चकत्या लागल्या. पोरं आधी तोंड दाबून हसायची, मग "टीचर, पाठ, पाठ!" म्हणून ओरडायला लागली. एकदा मास्तरांनी विचारलं, "कितना उठाना है आपको?"

"एका माणसाएवढं."

कोणता माणूस ते मी सांगितलं. मास्तरांनी डोकं खाजवलं. "आदमी लोहे जैसा नहीं होता, मेडम. लोहा चुप रहता है." दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्वारीचं पोतं आणलं, खुर्चीत बसवलं, त्याच्या पोटाला पट्टा बांधला. पोत्याच्या गुडघ्यांच्या जागी आपले गुडघे टेकवायचे, काखेखालून हात घालायचे, पट्टा धरायचा, उठायचं, वळायचं, दुसऱ्या खुर्चीत ठेवायचं. पोतं बिचारं फाटेस्तोवर मी त्याला इकडून तिकडे बसवलं.

दसरा झाला आणि मल्लय्या गेला. जाताना ह्यांच्या उशाशी बसून तेलुगूत बरंच काय काय बोलला, "बागुंडंडी सार" म्हणाला, चांगले राहा म्हणून. ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. अलीकडे हे असंच करायचे. शेजारचे कोणी बघायला आले, दोन शब्द बोलले की ह्यांची पाठ. एकेकाळी ऑफिसात हैदराबादच्या साहेबांशी तेलुगूत भांडणारा माणूस! आजारपणानं स्वभाव चिडका झाला, असं मी लोकांना सांगायची.

त्या संध्याकाळी मी पदर खोचला. ह्यांना खाटेच्या कडेला बसवलं, कमरेला त्यांचाच ऑफिसचा पट्टा बांधला.

"काय करून राह्यली?" त्यांनी विचारलं.

"गप बसा."

पहिल्यांदा फसलं. मी उचलायला गेले आणि हे घाबरून डावीकडे कलले, दोघंही खाटेवर आडवे झालो, हे माझ्या अंगावर. दम कोंडला, पण मला उठायची घाई नव्हती. खोबरेल तेल, साबण आणि त्याखाली तो ह्यांचा स्वतःचा वास, जो मी विसरले होते. मी डोळे मिटून तशीच पडून राहिले. शेवटी हेच म्हणाले, "मेली का?"

दुसऱ्यांदा जमलं. पाय रोवले, ह्यांना छातीशी ओढलं आणि उठले. हे माझ्याबरोबर उठले! दोन वर्षांनी आम्ही समोरासमोर उभे होतो. ह्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर आली. मी तिथेच रडले. मग वळले, त्यांना दवाखान्यातून मागून आणलेल्या चाकाच्या खुर्चीत ठेवलं आणि ढकलत ओसरीत आणलं.

"आता येऊ द्या भाऊजीले जीप घेऊन," मी कमरेवर हात ठेवून म्हणाले. "दाखवतेच त्यायले!"

ह्यांनी रस्त्याकडे बघितलं. मग एकेक शब्द जिभेवरून ओढत म्हणाले, "विमल, मले जाऊ दे."

"कुठं?"

"तामसीले. दादासंग."

"काऊन? मी उचलून राह्यली ना तुमाले! आता कोनाची गरज हाये?"

"उचलाचं नाई म्हनत मी." त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. "तू सकाळी जातं, सांजच्याला येतं. मंधात दिसभर मी कोनासंग बोलू?"

"लोक येतेत ना! तुमीच तोंड फिरवता."

"ते तेलुगू बोलतेत." डोळे भरून आले होते ह्यांचे. "माही तेलुगू गेली, विमल. समदी गेली. हिंदी बी गेली. कानावर पडते, पन आत काईच जात नाई. लाज वाटते, म्हनून तोंड फिरवतो. फकस्त आपली बोली राह्यली. तामसीत दाराम्होरून कोनी ढोरं घेऊन गेला तरी तो काय म्हनते ते मले समजंन."

मला आधी राग आला. खोटं कशाला बोलू! ज्याच्यासाठी पोलीस भरतीच्या पोरांत डोक्यावर चुंबळ ठेवून मी हसं करून घेतलं, तो म्हणतो जाऊ दे. मी म्हटलं, नोकरी सोडते, मीही येते. हे म्हणाले, नोकरी सोडली तर मी तुझ्यासंग बोलनार नाई. मी म्हटलं, असंही कुठे फार बोलता! मग मी आत जाऊन भाकरी थापायला बसले आणि परात पुढ्यात घेऊन तशीच बसून राहिले. दहा ते पाच. शाळेत मी पोरांशी घसा बसेपर्यंत बोलत असते, त्या सगळ्या वेळात ह्यांच्या कानावर एकही शब्द कळेल असा पडत नव्हता.

कापसाचा पहिला वेचा व्हायला थोडे दिवस होते. त्या दिवसांत मी ह्यांना गरजेपेक्षा जास्तच उचललं. ओसरीत नेलं, ऊन लागतं म्हणून आत आणलं, आत उकडतं म्हणून परत बाहेर. चादर नीट करायची म्हणून उठवलं, आणि चादर नीटच होती. ह्यांना सगळं कळत होतं. दरवेळी खांद्यावर हनुवटी टेकवायचे. मी शाळेत अर्धी रजा टाकून घरी पळत यायची. लग्नानंतरही मी कधी एवढी घाई केली नव्हती.

ठरल्याप्रमाणे भगवानराव आले. बरोबर त्यांची दोन्ही पोरं, चांगली दणकट. जीप दाराशी लावली, पुढच्या सीटवर गोधडी अंथरली. पोरं बाह्या सारून पुढे झाली.

"सरका," मी म्हणाले.

"विमलबाई, पोरं हायेत ना," भगवानराव म्हणाले.

"राहू द्या भाऊजी. मी उचलते."

थोरल्या दिरासमोर मी डोक्यावरचा पदर काढला आणि कमरेला खोचला. भगवानरावांनी आधी मान वळवली, मग परत माझ्याकडे पाहिलं. जीपची सीट उंच. चाकाची खुर्ची तिला लावून मी पाय रोवले, काखेखालून हात घातले आणि ह्यांना उचललं. ते एका झटक्यात वर आले, कारण या वेळी त्यांनीही डाव्या पायानं जोर दिला. मी वळले आणि त्यांना सीटवर ठेवलं. पोरांपैकी कोणीतरी "बापरे" म्हणालं.

ड्रायव्हरनं जीप सुरू केली. माझे हात अजून ह्यांच्या पाठीमागेच होते.

"सोड ना आता," हे माझ्या कानाशी म्हणाले.

"थांबा जरा," मी म्हणाले. "नीट बसवू द्या."

नीटच बसले होते ते.