गवताचा खोडवा

राजनंदिनी बाळंतपणाला इंदापूरला माहेरी निघाली, तेव्हा गाडीत बसता बसता सासऱ्यांना म्हणाली, "आबा, माझं गवत सांभाळा."

भीमरावांनी मान डोलावली खरी, पण मनात म्हणाले, काय दिवस आले! शेळगावात चाळीस वर्षं उसातलं गवत उपटण्यात गेली, आणि आता बारामतीत लेकाच्या दारात तेच राखायचं. बरं, गवत तरी कसलं, तर जांभळ्या पात्यांचं, झुपकेदार तुऱ्यांचं, म्हशीनंही तोंड लावू नये असं. पण बायको गेल्यावर ते इथं राहायला आले, तेव्हापासून त्यांच्यावर कुणी काही सोपवलंच नव्हतं. जो तो 'आबा, तुम्ही बसा' म्हणायचा. बसून बसून माणूस किती बसणार? सुनेनं विश्वासानं दिलेलं ते पहिलं काम होतं.

थंडी वाढली तसं गवत वाळायला लागलं. भीमरावांनी पाणी वाढवलं. ते आणखीच वाळलं. अधूनमधून सुनेचा फोन यायचा.

"आबा, गवत कसंय?"

"झकास हाय!" म्हणून ते बाळाचा विषय काढायचे. या वयात खोटं बोलायची पाळी आली, याची त्यांना फार लाज वाटायची.

माघ सरता सरता तिथं नुसती काडं उरली. "उपटून टाकू आबा, नर्सरीतनं दुसरं आणू," युवराज म्हणाला. भीमराव लेकावर खेकसलेच. ऊस तरी कोण? गवतच की! तो तुटून कारखान्याला गेला म्हणून कुणी मुळं उपटतं का? बुडखे छाटायचे, खत घालायचं, की त्याच मुळांतून खोडवा उभा राहतो. त्यांनी कोयता काढला आणि सगळं गवत जमिनीलगत छाटलं.

पंधरा दिवस ते रोज वाकून बघत होते. काही दिसलं नाही. आणि सून आली.

भीमराव भाकरतुकडा घेऊन फाटकातच उभे. ओवाळायच्या आधीच म्हणाले, "सूनबाई, तुझं गवत ग्येलं. मी फोनवर खोटं बोललो."

राजनंदिनीनं बुडख्यांकडं पाहिलं. "कुणी सांगितलं कापायला?"

"कुणी न्हाय. खोडवा धरला."

ती हसायलाच लागली. "अहो, ह्ये दरसाल असंच कापायचं असतंय! मीच सांगायची विसरले. धरा हिला, मला बघू द्या."

भाकरतुकडा युवराजच्या हातात गेला आणि दोन महिन्यांची नात भीमरावांच्या. ती त्यांच्याकडं टकामका बघत होती.

"आबा, चष्मा कुठं ठेवला तुमी? फुटवे आलेत की! ह्ये बघा, ह्ये बघा!"

पण आबांचं गवताकडं लक्षच नव्हतं.