काट्यापासून पळालेला क्रेनवाला

मी एक जुना वजनकाटा आहे. न्हाणीघराच्या दाराशी ठेवतात तसला काचेचा, चपटा नव्हे. मी लोखंडाचा, जमिनीलगत पसरलेला, अंगावर एखादं कपाट सहज उभं राहील एवढा. माझ्या कडेला खांब आहे, खांबावर पितळेची दांडी आणि दांडीवर सरकणारं एक वजन. ते सरकवत नेलं आणि दांडी आडवी होऊन थांबली, की मी बोललो असं समजायचं. एवढंच माझं बोलणं. उरलेला सगळा वेळ मी ऐकतो आणि स्वप्नं पाहतो, मित्रांनो.

कारखान्यात ज्या कारागिराने माझी दांडी घासली, तो माझी परीक्षा स्वतःवरच घ्यायचा. जेवायला जाण्याआधी माझ्यावर एकदा उभा राहायचा आणि जेवून आल्यावर पुन्हा एकदा. दांडी जराशी वर सरकली की पोटावरून हात फिरवून म्हणायचा, "पोरगं हुशार आहे!" तेव्हापासून मला थोडी शिष्टपणाची सवय लागली, ती अजून गेलेली नाही.

माझी पहिली नोकरी पार्सल ऑफिसात. तिथे माझ्यावर काय काय येऊन गेलं! ट्रंका, शिवणयंत्रं, गादीत गुंडाळलेला आरसा, एकदा तर आख्खा पियानो. कबुतरांचे पिंजरे आले की ती आत फडफडायची आणि माझी दांडी नुसती थरथरायची. कारकून वैतागून कपाळाला हात लावायचा आणि ती शांत होईपर्यंत वाट बघत बसायचा. प्रत्येक वस्तू कुठेतरी निघालेली असे. मी एकटा जागच्या जागी. पण वस्तू गेली तरी तिचा भार अंगावर थोडा वेळ रेंगाळायचा, आणि डोळे मिटून मी तिच्याबरोबर जायचो. मला डोळे नाहीत हे मला ठाऊक आहे. पण स्वप्नात कोण एवढं बघतं?

मग लाल आकडे दाखवणारे विजेचे काटे आले आणि मला मागच्या शेडमध्ये ढकललं. माझ्यावर गळक्या बादल्या ठेवल्या, बादल्यांवर ताडपत्री टाकली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

मला तिथून बाहेर काढलं एका सिस्टरने. ती एका दवाखान्यात काम करायची. तिथले डॉक्टर फार जाड माणसांच्या पोटाची पिशवी शस्त्रक्रियेने लहान करून देत. दवाखान्यातला काटा लहान होता, मोठी माणसं त्यावर उभी राहिली की तो गप्पच होई. मग अशा लोकांना वजन करायला मालाच्या गोदामात पाठवायचे. हमाल बघत असायचे, कुणीतरी फिदीफिदी हसायचं. एक बाई तिथून रडत परत आली, तेव्हा सिस्टर भडकली. "माणसं आहेत की पोती?" असं म्हणत ती मला शोधत आमच्या शेडपर्यंत आली. तिने मला घासलं, फिकट निळा रंग दिला, खांबाजवळ धरायला कठडा बसवून घेतला आणि खिडकीपाशी उभं केलं. मला पुन्हा नोकरी लागली.

तिथे मला माणसांचा भार कळायला लागला. पेटी ठेवली की ठेवली. माणूस मात्र उभा राहतो तेव्हा आधी त्याचे गुडघे बोलतात, मग तो श्वास रोखतो, जणू श्वास रोखला की वजन घटतं. बिचारे बूट काढायचे, पट्टा काढायचे, खिशातल्या किल्ल्यासुद्धा बाजूला ठेवायचे.

त्यांच्यातच एक क्रेनवाला होता. उंच इमारती बांधताना वर जी लांब हाताची क्रेन असते ना, तिच्या माथ्याजवळच्या केबिनमध्ये तो बसायचा. सगळ्यांत उंच बसणारा म्हणून बरोबरचे लोक त्याला कावळा म्हणत. त्याच्या मोठ्या बहिणीनेही तेच नाव उचललं होतं. ती दरवेळी त्याच्याबरोबर यायची, तिला तो ताई म्हणे. वजन वाढत गेलं तशी कावळ्याला क्रेनची शिडी चढवेना. धाप लागायची, वर बसल्या बसल्या डुलकी यायची. मग साहेबांनी त्याला खाली उतरवलं आणि फाटकावर बसवलं. गाडी आली की दांडा वर, गाडी गेली की दांडा खाली.

"वर ढग केबिनमध्ये येतो, सिस्टर," पहिल्या दिवशी माझ्यावर उभा राहून तो म्हणाला. "खालचं काही दिसत नाही. नुसता रेडिओवर माणसाचा आवाज येतो, जरा डावीकडे, जरा खाली. त्या आवाजावर मी चार टनांचा भार ठेवतो. आता फाटकावर बसून माश्या मारतोय. मला परत वर जायचंय."

"तोंड बंद ठेव आणि सरळ उभा राहा," ताई म्हणाली. "ढगातून आलाय म्हणे!"

मला मात्र तो ढग आवडला. त्या दुपारी मी तोच पाहत राहिलो.

शस्त्रक्रिया हवी म्हटली की लगेच होत नाही, मित्रांनो. खर्च विमा कंपनी देणार, आणि कंपनीच्या अटी म्हणजे मारुतीचं शेपूट. सहा महिने, एकही महिना न चुकवता, दवाखान्यात यायचं, माझ्यावर उभं राहायचं, आहाराच्या बाईंना भेटायचं. अंगाला तारा लावून झोपायचं, म्हणजे झोपेत श्वास कसा अडकतो ते कळतं. मनाच्या डॉक्टरांपाशी बसून शस्त्रक्रियेनंतर जगणं कसं बदलेल ते बोलायचं. सिगारेट सोडायची. एवढं झालं की कंपनी विचार करणार.

कावळ्याने सगळं मनावर घेतलं. सिगारेट सोडली. तारा लावून झोपला. "दोनशे कोळ्यांनी मिळून मला बांधलं होतं," असं सांगून त्याने सिस्टरला हसवलं. दर महिन्याला माझ्या दांडीवरचं वजन थोडं अलीकडे थांबू लागलं. "काकडी दिसली की हा पळतो आता," ताई सांगायची. मी मनातल्या मनात त्याला शिडीच्या पहिल्या पायरीवर चढवून ठेवलं होतं.

चौथ्या महिन्यात तो आला नाही.

सिस्टरने फोन केला, कुणी उचलला नाही. खिडकीतून ऊन माझ्यावर आलं आणि भिंतीवर निघून गेलं. नंतरच्या महिन्यात मात्र कावळा शीळ घालत आला, टुणकन चढला. दांडीवरचं वजन पूर्वीपेक्षाही अलीकडे थांबलं. त्याने अभिमानाने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर हसली नाही.

"दादा, गेल्या महिन्यात कुठे होतात?"

त्याचे गुडघे हलले. मला कळलं. "दोन किलो वाढलं होतं," तो म्हणाला. "आमच्या इमारतीचा वरचा मजला पूर्ण झाला, पोरांनी जेवायला घातलं. म्हटलं, हे वाढलेलं तोंड कंपनीला कशाला दाखवायचं? एक महिना गाळू, उतरवून मगच जाऊ. बघा, उतरवलं की नाही?"

"अहो, वाढलं असतं तरी चाललं असतं!" सिस्टरचा आवाज चढला. "कंपनीला हजेरी हवी होती. खंड पडला की मागचं सगळं वाया. आता पुन्हा पहिल्यापासून."

ताई खुर्चीतून उठली. "तू मला सांगितलंस की दवाखाना बंद होता!"

कठडा घट्ट धरून कावळा उभा राहिला, आणि त्याचं सगळं वजन माझ्यावर असं आलं की तेवढं पियानोचंही वाटलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. आयुष्यभर माझ्याकडे बघून लोक मान खाली घालत आले. पण माझ्या भीतीने कुणाचं आभाळ लांब जाईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"जाऊ दे," तो खाली उतरून म्हणाला. "फाटक काही वाईट नाही."

"फाटकावर बसायचं तर बस," ताई म्हणाली. "पण पाच महिने तुझ्यासोबत मीही उकडलेलं खातेय. माझं काय ते सांग." आणि तिने पुढच्या महिन्याची तारीख तिथेच मागून घेतली.

पुन्हा पहिला महिना झाला, दुसरा झाला. मग ताईचा पाय मुरगळला, ती घरी राहिली, आणि कावळ्याची घडी विस्कटली. त्या महिन्यात मी त्याला दाराबाहेर ऐकलं. जड पावलं आली. थांबली. परत फिरली. जिना उतरू लागली. मला हाक मारता येत नाही. मी नुसता खिडकीतल्या उजेडात पसरून राहिलो आणि तो ढग आठवायचा प्रयत्न केला, पण आठवेना.

पावलं पुन्हा वर आली. तो आत आला. बूट काढले नाहीत, पट्टा काढला नाही, श्वासही रोखला नाही. सरळ माझ्यावर उभा राहिला. सिस्टरने वजन सरकवलं. ते पुढे गेलं, अजून पुढे गेलं.

"वाढलंय, दादा," सिस्टर हलकेच म्हणाली.

"माहितीये," तो म्हणाला. "लिहा."

इतकी वर्षं मी माल तोलला, माणसं तोलली. पण एवढं धीराचं पाऊल माझ्यावर दुसरं पडलं नाही.

राहिलेले महिने सरळ गेले. कंपनीचा होकार फोनवर आला, तेव्हा सिस्टरने माझ्याच कठड्यावर थाप मारली. शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे त्याला नुसतं पातळ प्यायचं होतं, तर ताईही तेच पीत बसली आणि दोघं एकमेकांवर खेकसत राहिली. शस्त्रक्रिया नीट झाली. नंतरही तो दर महिन्याला येत राहिला, कारण खाणं आणि औषधं आता जन्मभर सांभाळायची होती. कधी दांडीवरचं वजन अलीकडे थांबे, कधी तिथेच. एकदाही चुकला नाही.

हल्ली मी म्हातारा झालोय. पावसाळी हवेत दांडी जरा अडखळते, सांध्यात गंज धरलाय. तेवढं कोरड्या फडक्याने पुसत जा, हे माझं स्वतःपुरतं मागणं. दुसरं मागणं मात्र मोठं आहे. मित्रांनो, कुणी काट्यावर उभं असलं की त्याच्या खांद्यावरून डोकावू नका. आकडा ओरडून सांगू नका, हसू नका. आणि कुणी दाराशी घुटमळत असेल, तर उठून दार उघडा आणि त्याला आत या म्हणा. मला ते जमत नाही. तुम्हाला जमतं.

परवा सकाळी कावळ्याचा महिना होता. सिस्टर वाट बघत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे नुसता वारा, आणि वाऱ्यात धापा टाकणारा त्याचा आवाज.

"सिस्टर, आज दुपारी येतो. जरा उशीर होईल. खाली उतरायला वेळ लागतो."