थर्झा नॅनकिव्हेलच्या नावाचा ठसा

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा ठसा आहे. तळहाताएवढा. खाली लाकडी ठोकळा, त्याच्यावर चार बारीक खिळे मारून मला बसवलंय. अंगावर एका हसऱ्या बाईचं चित्र आहे, तिच्या मांडीवर झोपलेलं मूल आहे, आणि खाली अकरा ओळी मजकूर. त्या ओळी काही मी लिहिल्या नाहीत. पण छापल्या मीच. तेव्हा हात झटकून मोकळं होता येत नाही.

माझा जन्म मेलबर्नचा. ओल्या कागदाचा साचा करतात, वाळवतात, त्यात तापलेलं शिसं ओततात. एका साच्यातनं आम्ही साठ भाऊ निघालो आणि साठ गावांच्या साठ पेपरांना टपालानं रवाना झालो. मी आलो बिलाराला. खाणीचं गाव. निम्मी माणसं इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून सोनं खणायला आलेली, आणि त्यांना सोनं सोडून बाकी सगळं मिळालेलं. पेपर दर शुक्रवारी निघायचा, 'बिलारा अ‍ॅडव्होकेट'. मालक होते पेलसाहेब, आणि अक्षरं जुळवायला क्रॅडॉक नावाचा म्हातारा. तोंडात कायम विझलेली चिलीम.

माझ्या अंगावर काय होतं ते सांगतो. 'माझी बेसी दात येताना सारखी रडायची. मदर टिडमार्शचं सिरप चमचाभर दिलं आणि आता ती देवदूतासारखी झोपते.' खाली नाव: मिसेस थर्झा नॅनकिव्हेल, बिलारा.

ही थर्झा खरीखुरी बाई होती, आमच्याच गावची, खाणकामगाराची बायको. सिरप कंपनीचा माणूस दारावर आला, बाटली देऊन गेला. आठवड्यानं परत आला तर पोर गाढ झोपलेली आणि थर्झा किती तरी दिवसांनी भाकरी निवांत खात बसलेली. त्यानं कागद काढला, तिच्या वतीनं पत्र लिहिलं. थर्झाला लिहिता-वाचता येत नव्हतं, तिनं खाली फुली मारली. बदल्यात सहा बाटल्या फुकट. पेपरात नाव आलं तेव्हा सासू म्हणाली, "आता राणीचं बोलावणं यायचं तेवढं राहिलं." पण तीच सासू तो पेपर घेऊन आळीभर फिरली.

आणि मी? मला तर फार बरं वाटायचं हो. दर आठवड्याला तिसऱ्या पानावर, मधोमध. पेलसाहेब म्हणायचे, सगळ्या पेपरात सुबक काय असेल तर हा ठसा.

सातव्या आठवड्यात बेसी गेली. दुसऱ्या पानावर तिच्या मरणाची दोन ओळींची खबर, तिसऱ्या पानावर मी, तिच्या आईच्या नावानं हसतोय. क्रॅडॉकनं छापलेला कागद उचलून दोन्ही पानं बघितली, चिलीम तोंडातनं काढली, आणि परत घातली. डॉक्टरनं अशक्तपणा लिहिला होता. थर्झा सगळ्यांना सांगत राहिली, थंडी लागली पोरीला.

आता ह्या लोकांची एक रीत होती. घरात मूल झालं की पेपरात दोन ओळी द्यायच्या: अमक्याच्या बायकोला मुलगा, दोघंही सुखरूप. हौस असते. पण मेलबर्नला कंपनीचा एक माणूस नुसते पेपर वाचत बसायचा. जन्माची खबर दिसली की त्या पत्त्यावर एक छोटी बाटली, आणि सोबत माझं छापलेलं कात्रण. बाळंतीण उठून बसायच्या आत बाटली दारात.

थर्झाची धाकटी बहीण टॅम्सिन डोंगरात राहायची, गावापासून दिवसभराच्या वाटेवर. नवरा मेंढ्यांची लोकर कातरायला दूर गेलेला, महिना महिना यायचा नाही. तिला मुलगा झाला. टपालगाडीवाला एका शनिवारी थर्झाला सांगून गेला की भाचा गोड आहे, नाव जॅगो ठेवलंय, आणि ती पेपरातली बाटलीसुद्धा पोचली, बहीण भलती खूश आहे.

थर्झा तशीच, पिठाच्या हातानं, छापखान्यात आली. डोंगराकडे जाणारी गाडी मंगळवारशिवाय सुटायची नाही. तिला वाटलं, बहिणीला वाचता येतं, बहीण पेपरावर विश्वास ठेवते, तर पेपरातच आलं पाहिजे की हे खोटं आहे.

"माझं नाव काढा तिथनं," ती पेलसाहेबांना म्हणाली. "माझी पोर त्यानं गेली."

पेलसाहेब काही राक्षस नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली. मग समजावलं, की वर्षाचा करार आहे, बावन्न वेळा छापायचं कबूल केलंय, डॉक्टरनं तसं काही लिहिलेलं नाही, आणि आपण विरुद्ध छापलं तर कंपनी कोर्टात खेचेल. खरं सांगायचं तर पेपर चालायचाच असल्या तीन-चार औषधांवर. बातम्या वाचायला लोकांना आवडतात, त्यांचे पैसे द्यायला नाही.

ती उठली, दाराकडे निघाली. क्रॅडॉकनं मला चौकटीतनं काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि तिच्या टोपलीत टाकलं.

"घेऊन जा," तो हळूच म्हणाला. "दुसरा ठसा यायला पंधरा दिवस लागतील. तोवर त्या जागी मी घोड्याच्या मलमाची जाहिरात लावतो. त्यानं घोडेसुद्धा मरत नाहीत."

मंगळवारी टोपलीतनं मी डोंगरात गेलो.

रानातली घरं लाकडाच्या फळ्यांची. फटीतनं वारा शिरतो म्हणून लोक भिंतींना आतनं जुने पेपर चिकटवायचे, कणकेच्या खळीनं. टॅम्सिननंही चिकटवले होते. थर्झा आत गेली आणि जागच्या जागी थांबली. पाळण्याच्या वर, मधोमध, मी होतो. एकदा नाही, सात वेळा. ओळीनं.

"बघ तुला कुठं बसवलंय," टॅम्सिन म्हणाली. "येईल त्याला सांगते, ही माझी ताई."

थर्झानं पाळण्यात बघितलं. पोराचे ओठ कोरडे, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, हातापायाच्या काड्या. तिनं तळपायाला चिमटा काढला. पोर रडलं नाही.

"किती देतेस?"

"चमचा. कुरकुरला तर दोन. पण काय गुणाचा आहे गं, दूधसुद्धा मागत नाही."

"ओतून दे ते. विष आहे."

टॅम्सिन हसली. तिला वाटलं ताई चेष्टा करतेय. मग ताईचं तोंड बघून तिला राग आला.

"तुझंच नाव आहे ना खाली? मला वाचता येतं, ताई. तुला नाही येत."

थर्झानं टोपलीतनं मला काढून टेबलावर ठेवलं. का ठेवलं कुणास ठाऊक. बहुतेक हाताला काहीतरी काम हवं होतं. मग भिंतीकडे न बघता, माझ्याकडेही न बघता म्हणाली, "बेसी थंडीनं नाही गेली. तिला दुपारी दोन चमचे पाजले नि धुणं धुवायला गेले. आले तर गार पडली होती. कंपनीनं नाही, टॅम, चमचा माझ्या हातात होता. तुला सांगितलं नाही. लाज वाटली."

 मग टॅम्सिननं बाटली उचलली, बाहेर नेली आणि दगडावर फोडली. आत येऊन सुरी घेतली आणि भिंत खरवडायला लागली. पण कणकेची खळ ती. वरचा कागद निघे, खालचा निघेना. शेवटी ती सुरी टाकून भिंतीशी खाली बसली.

त्या सिरपात साखर होती आणि अफू होती. अफू सुटताना तान्हं पोर कसं रडतं ते मी ऐकलंय, तुम्हाला सांगणार नाही. तीन दिवस दोघी बहिणींनी आळीपाळीनं त्याला अंगाशी धरलं. चौथ्या दिवशी सकाळी जॅगोनं दूध ओढलं. जोरात. टॅम्सिन कळवळली आणि हसली.

इथं संपवलं असतं तर गोष्ट बरी झाली असती. पण पंधरा दिवसांत मेलबर्नहून माझा भाऊ आला, तेच चित्र, तेच नाव, आणि करार संपेपर्यंत छापत राहिला.

मग थर्झानं एक केलं. दर शुक्रवारी ती छापखान्याच्या मागच्या खिडकीशी यायची, क्रॅडॉक तिला जन्माच्या खबरा वाचून दाखवायचा, आणि ती त्या घरी चालत जायची. मला घेऊन. चुलीची काजळी माझ्या अंगाला फासायची, जुन्या कापडावर दाबायची, आणि नाव उमटलं की सांगायची, हे नाव माझं, आणि माझ्या पोरीचं काय झालं ते ऐक. कुणी ऐकलं. कुणी म्हणालं, कंपनीनं आणखी बाटल्या दिल्या नाहीत म्हणून ओरडतेस काय. एका दारात एका बाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सोमवारी आली असतीस तर." आणि दार लावलं. थर्झा त्या दारासमोर किती वेळ उभी होती, मला मोजता आलं नाही. पुढच्या शुक्रवारी ती परत खिडकीशी गेली.

आता मी बिलाराच्या एका छोट्या संग्रहालयात काचेखाली आहे. खाली पुठ्ठ्यावर लिहिलंय, जुन्या काळची मजेदार जाहिरात. शाळेची पोरं येतात, हसतात. हसा, माझी हरकत नाही. मला वितळवू नका एवढंच मागणं आहे. मी गेलो तर ह्या लोकांनी काय काय खरं मानलं होतं ते दाखवायला कोण उरणार? आणि मित्रांनो, कुठंही कुणाच्या नावानं असं काही छापलेलं दिसलं, की ते नाव नीट वाचा. जमलं तर त्या माणसाचं घर शोधा. दार वाजवा, आणि बेसी कशी आहे ते विचारा.