टॅप्सेलच्या कुंपणातली पायरी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पायरी आहे. टॅप्सेलच्या शेताला काटेरी झुडपांचं कुंपण आहे, त्यात मी उभी आहे. माणसांनी ओलांडून जावं, मेंढरांनी जाऊ नये, एवढंच माझं काम. आता तेही उरलं नाही. थकले आहे, तरी सांगते.

वादळात पडलेल्या ओकच्या खोडातून गॉडफ्री टॅप्सेलच्या वडिलांनी मला घडवलं. माझ्यावरून जाणारी वाट माझ्याहून फार जुनी. ब्रॅम्बरी गावाच्या चर्चमागून ती निघते आणि ओढ्याकाठच्या कुरणांतून पलीकडच्या वाडीला पोहोचते. इतकी जुनी, की ती नकाशावर काढायची कुणाला गरजच वाटली नाही.

माझ्यावरून सारं गाव गेलं. लठ्ठ माणसं आधी इकडेतिकडे बघत, मगच पाय टाकत. "आधी तुम्ही", "छे, आधी तुम्ही" करता करता पावसाची एक सर येऊन जाई. उतरल्यावर सगळे एकमेकांचे आभार मानत. माझे कुणी मानले नाहीत.

पियानो शिकवणाऱ्या विनिफ्रेड पर्किसबाई मात्र नेमाने येत. त्यांची आंधळी बहीण मेबल वाडीत एकटी राहते. शेतात गॉडफ्री भेटे.

"वारा सुटलाय, मिस्टर टॅप्सेल."

"सुटलाय खरा. गुडघा काय म्हणतोय, मिसेस पर्किस?"

"तुमच्या पायरीला शिव्या घालतोय."

"घालू दे. तिला सवय आहे."

बोलणं एवढंच. 'जाऊ का' असं कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर या माणसाला बरं नाही, असंच गॉडफ्रीला वाटलं असतं.

गॉडफ्री गेला. शेत लेंग नावाच्या शहरी गृहस्थाने घेतलं आणि माझ्यावर काटेरी तार आवळली. गाव चिडलं, वाट गावाची ठरवावी म्हणून सरकारकडे अर्ज गेला. चौकशीला एक अधिकारी आले आणि माझ्यापाशीच सगळ्यांना उभं केलं.

कायदा सोपा आहे. लोक वीस वर्षं उघडपणे, कुणाला न विचारता चालले, तर वाट त्यांची होते. विचारून चालले, तर ती मालकाची मेहेरबानी. नव्या मालकाने ती काढून घेतली, की संपली. लोखंडी सामानाचं दुकान चालवणाऱ्या पर्सी गॅडने हे सगळ्यांना नीट समजावलं होतं.

अधिकाऱ्यांनी पर्किसबाईंना विचारलं, "जाताना मालकाची परवानगी घेत होता?"

लेंगसाहेब समोर उभे होते, चेहऱ्यावर मंद हसू. बाई लाल झाल्या. ब्रॅम्बरीत माणसाला चोर म्हटलेलं चालतं, पण असभ्य म्हटलेलं चालत नाही.

"म्हणजे काय? न विचारता दुसऱ्याच्या शेतात शिरायला आम्ही रानटी आहोत का?"

पर्सीने कोपर मारलं. "विनी, गप्प बस."

"तू विचारलं नसशील, पर्सी. तुझ्या आईने तुला टोपी काढायलासुद्धा शिकवलं नाही."

लोक हसले. मग कुणालाच पर्सीच्या बाजूला उभं राहवेना. बेकरीवाला म्हणाला, तो दरवेळी विचारायचा. पाद्र्यांची बायको म्हणाली, ती तर दोनदा विचारायची. अधिकारी मान हलवत लिहून घेत होते. मी करकरले, पण लाकडाची साक्ष कोण घेतो?

वाट गेली. आता वाडीला जायचं, तर मोटाररस्त्याने लांबचा वळसा. त्याला पदपथ नाही, ट्रक अंगावर येतात. बाईंच्या गुडघ्याला ते झेपत नाही आणि मेबलला तर दारापलीकडे जाता येत नाही.

झाडांची पानं पिवळी पडली तेव्हा पर्किसबाई जॅमची बरणी घेऊन माझ्यापाशी आल्या. पलीकडे लेंगसाहेब घोड्याला फिरवत होते. बाईंनी तारेला हात लावला.

"मिस्टर लेंग, आजच्यापुरती जाऊ का मी? बहीण वाट बघत असेल."

त्यांनी टोपी काढली. "क्षमा करा, मिसेस पर्किस. नाही जाता येणार."

"धन्यवाद," बाई म्हणाल्या आणि बरणी सांभाळत माघारी वळल्या.

मित्रांनो, तुमच्याही गावाला अशी एखादी वाट असेल. तिच्यावरून जात-येत राहा. आणि कुणी विचारलंच, तर चांगलं दिसण्यासाठी खोटं बोलू नका. माझं काय, माझ्यावर आता शेवाळ चढतंय. ते कुणाला विचारत नाही.