गिऱ्हाइकाची वस्तू

"अहो, हे कुणाच्या फ्रिजचं?"

बायकोने हातातली पारदर्शक नळी उजेडात धरली आणि फ्रिजवाल्याला चहाचा ठसका लागला. सुट्टीची दुपार होती. बाहेरच्या खोलीत जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरून ती त्याच्या पिशवीतली हत्यारं पुसत बसली होती. लग्न झाल्यापासून दर सुट्टीला ती हेच करायची. त्याच्या पकडी-पाने त्याच्यापेक्षा तिलाच जास्त ठाऊक. आणि या शहाण्याने वस्तू लपवायला सगळं घर सोडून नेमकी तीच पिशवी निवडली होती.

"ते होय? गिऱ्हाइकाचं आहे."

गिऱ्हाइकाचं कसलं! साखरेच्या आजाराने त्याच्या अंगातलं पुरुषपण हळूहळू काढून नेलं होतं, त्याला आता दोन वर्षं होत आली. हृदयाच्या औषधांमुळे त्यावरच्या गोळ्या चालणार नव्हत्या, म्हणून डॉक्टरांनी हे यंत्र दिलं. एक नळी, टोकाला हाताने दाबायचा छोटा पंप आणि एक रबरी कडं. पंपाने नळीतली हवा काढली की रक्त ओढलं जातं, मग मुळाशी कडं चढवून ते थोडा वेळ धरून ठेवायचं. "मिसेसना घेऊन या, दोघांना मिळून समजावतो," असं डॉक्टर म्हणाले होते. हा मान डोलावून एकटाच घरी आला. हवा काढायचं काम याला कोण शिकवणार? फ्रिजच्या नळ्यांतली हवा काढण्यात तर जन्म गेला होता.

तिथेच फसला. कामावर कुठलंही रबर बसवताना त्यावरून कॉम्प्रेसरच्या तेलाचा हात फिरवायची त्याला सवय. डॉक्टरांनी दिलेलं मलम तसंच राहिलं आणि सवयीने या कड्यालाही तेल लागलं. चार दिवसांत कडं फुगून ढिलं पडलं. डॉक्टरांपुढे परत कुठल्या तोंडाने जायचं, म्हणून सगळं पिशवीच्या तळाशी गेलं.

बायको उकाड्याचं कारण सांगून बाहेरच्या खोलीत झोपायला गेली होती. उकाडा संपला, थंडी येऊन गेली, ती काही आत आली नाही. यानेही बोलावलं नाही. बोलावून करणार काय? पण तिच्या अंगाचा वास येईल इतक्या जवळ तिने एकदा यावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते हवं असणं दिवसेंदिवस वाढतच चाललं होतं.

"त्याचं रबर पार गेलेलं," बायको म्हणाली. "सकाळी पिशवी उघडली तेव्हाच दिसलं, कचऱ्याच्या गाडीत टाकलं. तुमच्या डब्यातलं दुसरं बसवलंय. बघा, अगदी फिट्ट."

त्याने पाहिलं. कॉम्प्रेसरच्या झडपेचं काळं, कडक रबर होतं ते.

"हे चालणार नाही गं."

"का? माप तर तेच आहे."

"माप तेच आहे. पण ज्याचं यंत्र आहे, तो बोंबलत सुटेल."

"मग नवं बसवा आणि आजच पोचवा. वाट बघत असेल तो बिचारा."

'बरं' म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. ते त्याच्या ओठांवर आलंही होतं.

"बघतोय," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली वाट बघतोय."

"कोण?"

"मी. ते फ्रिजचं नाही, माझं आहे. डॉक्टरांनी दिलंय."

मग त्याने सगळं सांगितलं. तिच्याकडे न बघता, समोरच्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत, गिऱ्हाइकाला बिघाड समजावून सांगावा तसं. ती ऐकत राहिली. हातातलं फडकं तिने कधी खाली ठेवलं, ते तिलाही कळलं नसावं.

"म्हणजे साखरेमुळे हे?"

"हो."

"आणि मला वाटलं, मीच नकोशी झाले." तिचा आवाज चिरकला. "वय झालं, अंग सुटलं. यांना रोज पाठ फिरवून झोपावं लागतं, त्यापेक्षा आपणच उठावं, म्हणून बाहेर आले. उकाडा कसला आलाय!"

"नकोशी? अगं, तू कूस बदललीस की तुझी खाट वाजते. तेवढं ऐकायला जागा असतो मी."

"मग एक हाक मारायला काय झालं होतं?"

तिने डोळे पुसले, नाक ओढलं आणि तेच फडकं त्याच्या गुडघ्यावर हाणलं.

"न्हाणीघरात तासन्‌तास नळ सोडून हे चाललं होतं होय! मला वाटलं, पोट बिघडलंय. आठवडाभर बिनमसाल्याचं करून घालतेय."

तो हसला. तीही हसली, आणि हसता हसता परत रडली.

"आज काही व्हायचं नाही," तो ओशाळून म्हणाला. "कडं नवं आणावं लागेल."

"आणू की. दोघं मिळून जाऊ डॉक्टरांकडे."

तिने साबण लावून हातांचं तेल धुतलं. वर्तमानपत्रांवर हत्यारं तशीच पसरलेली होती. ती न आवरता बायको आतल्या खोलीत गेली. तोही मागोमाग गेला आणि काय करावं न सुचून पलंगापाशी उभा राहिला.

घरात तिसरं कुणी नव्हतं. मुलगी सासरी गेल्यापासून त्या खोलीचं दार लावायची वेळच आली नव्हती, आणि मागच्या रंगकामात कडी रंग चढून जाम झाली होती. बायकोने ती दोन्ही हातांनी ओढून घातली.